विचाराल तेवढंच उत्तर

ऑटोक्लेव्हचं दार उघडून कार्बन फायबरचं पॅनेल बाहेर काढतात, तेव्हा ते इतकं देखणं दिसतं की त्यात काही बिघडलं असेल यावर विश्वास बसत नाही. काळंभोर, तुळतुळीत, छतावरच्या ट्यूबलाइट त्यात स्पष्ट उमटलेल्या. थर अंथरणाऱ्या लेअप विभागातली माणसं समाधानाने त्यावरून हात फिरवतात आणि मग ते ट्रॉलीवरून तपासणीच्या खोलीत जातं. तिथे बसलेल्या बाईंना त्या चकाकीशी काही देणंघेणं नसतं. त्यांचा सगळा जीव आत काय आहे यात अडकलेला असतो.

या तपासनीसबाई मूळच्या मिरजेच्या. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागल्या. अल्ट्रासोनिक तपासणीला माणूस कमी होता, म्हणून त्यांना तिथे बसवलं गेलं आणि त्या तिथल्याच झाल्या. लेव्हल वन, मग लेव्हल टू अशा परीक्षा दिल्या. आधी विमानाचे सुटे भाग, मधली काही वर्षं पवनचक्क्यांची पाती आणि आता विमानांच्या देखभालीचा हँगर, असा त्यांचा प्रवास. कारखान्यात सगळे त्यांना ‘एनडीटी मॅडम’ म्हणायचे. वस्तू न कापता, न तोडता तिच्या आतलं तपासायचं, हे त्यांचं काम.

कंपोझिट म्हणजे थरांवर थर. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड, म्हणजे प्रीप्रेग, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं असतं. ते बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात आणि साच्यावर ठरलेल्या दिशांनी एकेक थर अंथरतात. एक थर मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा, त्यामुळे पाच मिलिमीटरच्या पॅनेलमध्ये पस्तीस-चाळीस थर सहज होतात. वर प्लॅस्टिकची बॅग चढवून हवा ओढून घेतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये साधारण १८० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या सहा-सातपट दाबाखाली राळ पक्की करतात. बॅगला बारीक भोक राहिलं तर दाब नीट बसत नाही, राळेत बुडबुडे राहतात. दोन थरांमध्ये काही अडकलं तर ते थर तिथे एकमेकांना धरतच नाहीत. बाहेरून मात्र यातल्या कशाचाच मागमूस लागत नाही.

वापरात आल्यावरही तेच. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो, धातू आपलं दुखणं दाखवतो. कार्बनच्या पॅनेलवर हातातला पाना पडला तर वरचा थर बऱ्याचदा पुन्हा सपाट होतो आणि आतले थर मात्र सुटलेले राहतात. तेसुद्धा वरून खाली रुंदावत जातात, म्हणजे सर्वांत मोठं नुकसान मागच्या अंगाला, जिकडे कुणाची नजर जात नाही. विमानाचा आराखडा करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मार लागलेला भाग दुरुस्तीशिवायही विमानाच्या अख्ख्या आयुष्यभर अंतिम भार पेलू शकला पाहिजे, अशी प्रमाणनाची अटच आहे. त्याहून मोठा मार असेल, तर तो शोधायची जबाबदारी तपासणाऱ्यांवर येते.

आणि शोधायचं आवाजाने. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, साधारण पाच मेगाहर्ट्झचा आवाज प्रोबमधून पॅनेलमध्ये सोडायचा. मध्ये हवा राहू नये म्हणून जेल लावायचं. कार्बन कंपोझिटच्या जाडीतून हा आवाज सेकंदाला सुमारे तीन हजार मीटर वेगाने जातो, म्हणजे पाच मिलिमीटर आत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा जेमतेम तीन लाखावा हिस्सा लागतो. स्क्रीनवर एक टोक वरच्या पृष्ठभागाचं, एक मागच्या भिंतीचं, आणि मध्ये बारीक गवतासारखी हालचाल. मधेच नवीन टोक उभं राहिलं आणि मागच्या भिंतीचं टोक बसलं, तर वाटेत काहीतरी आडवं आलं आहे. सुटलेल्या थरांमधली हवेची फट केसापेक्षा कितीतरी बारीक असली तरी आवाज जवळजवळ पूर्ण परत फिरतो. या पद्धतीचा सगळा भरवसा हवेच्या या गुणावर आहे. पण त्याच फटीत पाणी किंवा तेल शिरलं, की आवाजाचा बराचसा भाग पलीकडे निघून जातो आणि फट स्क्रीनवर फिकट होते. बाईंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या दचकल्या होत्या. जी जखम जुनी, ओल शिरलेली, म्हणजे जास्त काळजीची, तीच यंत्राला कमी दिसू शकते.

यंत्र सुरू केल्यावर पहिलं काम असतं रेफरन्स ब्लॉकवर जुळणी करायचं. हा ब्लॉक त्याच मालाचा, तेवढ्याच थरांचा. फक्त त्यात ठरावीक खोलीवर टेफ्लॉनचे छोटे तुकडे मुद्दाम घालून ठेवलेले असतात, सुटलेल्या थराची नक्कल म्हणून. ते तुकडे स्पष्ट दिसेपर्यंत गेन, म्हणजे परतणारा आवाज किती वाढवून दाखवायचा ते, जुळवायचा आणि मग खऱ्या पॅनेलला हात लावायचा. बाईंच्या कारखान्यात टेफ्लॉनचा सर्वांत लहान तुकडा सहा मिलिमीटरचा होता. नव्या मुलांना त्या हे पहिल्या दिवशीच नीट समजावून सांगायच्या: या ब्लॉकवर यंत्राने सहा मिलिमीटर शोधून दाखवलं, त्याहून लहान काही सापडेल असं त्याने कुणाला वचन दिलेलं नाही. दोष आहे, पण पाच मिलिमीटरचा आहे. दोष आहे, पण थरांना काटकोनात उभा आहे. दोष आहे, पण जिथे प्रोब पोचतच नाही अशा वळणावर आहे. या सगळ्यांचा निकाल कागदावर एकच येतो: आढळला नाही.

त्यांच्या सगळ्या नोकरीचा झगडा या दोन शब्दांशी आहे. ‘आढळला नाही’ हे वाक्य टेबलावरून उठून ऑफिसात पोचेपर्यंत ‘दोष नाही’ असं होऊन जातं. कुणी खोटं बोलत नाही. घाईत, फोनवर, मीटिंगमध्ये वाक्य आखूड होतं, एवढंच. पण त्या आखूड झालेल्या वाक्यावर माणसं विमानात बसतात.

पहिल्या वर्षांतला एक प्रसंग त्या अजून रंगवून सांगतात. एका पॅनेलचा सी-स्कॅन काढला होता. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा, त्यांतून आवाज आरपार जातो आणि किती पोचला त्याचा रंगीत नकाशा संगणकावर तयार होतो. नकाशात एका कोपऱ्याला लहानसा पट्टा उमटला. आकार सरळ, कडा सरळ, एक कोपरा नव्वद अंशांचा. मार लागून सुटलेले थर असे दिसत नाहीत, ते भुईमुगाच्या शेंगेसारखे किंवा लांबट गोल पसरतात. बुडबुडे असतील तर धुरकट डाग दिसतो. काटकोन माणसाच्या हातातून आलेला असतो. प्रीप्रेगच्या प्रत्येक थराला मागून पातळ फिल्म असते, अंथरताना ती सोलून काढायची असते, आणि तिचा कापलेला तुकडा आत राहिला असणार असं बाईंनी लिहिलं.

लेअपमधले एक काका वीसेक वर्षं हेच काम करणारे. ते स्कॅन पाहायला आले, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, फिल्म सोलताना कोपरा फाटला असेल. मोजणीत तुकडा एकच धरला जातो.’ तिथे दर थरामागे काढलेल्या फिल्म जपून ठेवून शेवटी मोजायची पद्धत होती. फाटलेली फिल्म मोजणीत पूर्णच धरली जाते, हे काकांनी सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून फिल्म मोजण्याबरोबर प्रत्येकीचे चारही कोपरे पाहायची रीत पडली आणि पुढे त्या कामापुरती भडक रंगाची फिल्म मागवली गेली, काळ्या कापडावर चटकन नजरेत भरावी म्हणून. पॅनेल बाद झालं, पण काकांना कुणी चार शब्द सुनावले नाहीत. सुनावले असते तर ते पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकते ना, आणि कोपरा फाटण्याची गोष्ट कधीच कळती ना.

विमानाच्या भागांची एक जुनी तपासणी मात्र यंत्राशिवायची आहे. बाजारात मडकं घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो, तसंच लहान हातोडीने किंवा नाण्याने पॅनेलवर टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. मधाच्या पोळ्यासारखा हनीकोंबचा गाभा आणि त्यावर पातळ पापुद्रे, अशा रचनेत ही पद्धत आजही वापरतात, आणि सरावलेला कान खरोखर चांगलं काम करतो. पण तो कान किती खोल ऐकतो, याची मर्यादा दोन घटनांनी दाखवून दिली.

६ मार्च २००५ ला क्यूबातल्या वाराडेरोहून कॅनडातल्या क्यूबेकला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३१० मध्ये वर चढल्यावर मोठा आवाज झाला आणि विमान डुलू लागलं. वैमानिकांनी ते परत वाराडेरोला नेऊन सुखरूप उतरवलं. उतरल्यावर पाहिलं, तर शेपटीचा रडर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणारा हलता भाग, जवळजवळ पूर्ण नाहीसा झालेला. आत २७१ माणसं होती, सगळी वाचली. तो रडर कार्बनचे पापुद्रे आणि हनीकोंबचा गाभा असा बनलेला होता. कॅनडाच्या तपास मंडळाने या प्रकारच्या रडरसाठी ठरलेल्या तपासणीच्या पुरेपणावरच बोट ठेवलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेत मेम्फिसला एका मालवाहू ए३०० च्या रडरची दुरुस्ती चालू असताना त्याचा आतला पापुद्रा गाभ्यापासून मोठ्या भागात सुटलेला आढळला. तिथे हायड्रॉलिक तेल झिरपलेलं होतं. बाहेरून टकटक करून आतल्या अंगाचा पापुद्रा तपासला जात नव्हता, हे अमेरिकी तपास मंडळाने २००६ मध्ये ठासून सांगितलं. टकटक करणाऱ्यांनी आपलं काम चुकवलं होतं, असं नव्हे. त्यांना जे विचारायला सांगितलं होतं त्याचं उत्तर त्यांनी आणलं होतं, आणि आतल्या पापुद्र्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

बाई हे उदाहरण प्रशिक्षणात सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. तपासणीचा कागद तयार होतो कुठेतरी दूर, आराखड्याच्या टेबलावर. कुठे, कोणत्या बाजूने, किती वेळाने, कशाने शोधायचं, हे तिथे ठरतं. हँगरमधली मुलगी रात्री दोन वाजता कितीही जीव तोडून हातोडी चालवो, कागदात नसलेली बाजू ती वाजवणार नाही. म्हणून त्या मुलांना सांगतात की कागद वाचताना ‘हे का?’ असं विचारा, आणि ‘हे का नाही?’ हे त्याहून जास्त वेळा विचारा.

कधी कधी संशय उगाचही असतो, आणि ते कळणंही तितकंच मोलाचं. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून उडालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए३०० काही मिनिटांत क्वीन्समध्ये कोसळलं. २६५ माणसं गेली. कंपोझिटची उभी शेपटी आधीच तुटून पाण्यात पडली होती, म्हणून जगभर पहिलं बोट कार्बनकडे गेलं. शेपटीच्या एका जोडात बनवतानाच थर सुटल्याचं आढळून दुरुस्ती केलेली होती, त्यामुळे तर शंका अधिकच बळावली. पण तुकड्यांची तपासणी, प्रयोगशाळेत तसाच जोड ओढून केलेली चाचणी आणि उड्डाणाच्या नोंदी एकत्र ठेवल्यावर चित्र निराळं निघालं. तुटण्याची सुरुवात दुसऱ्याच जोडापासून झाली होती, आणि सहवैमानिकाने रडर आलटूनपालटून पूर्ण दाबल्यामुळे शेपटीवर ठरलेल्या अंतिम भाराच्याही पलीकडचा भार आला होता. मालाने आपला शब्द पाळला होता. दोष शोधणाऱ्याला दोष नसल्याचंही सिद्ध करता आलं पाहिजे, आणि ते जास्त कष्टाचं असतं.

काही प्रश्न असे आहेत की ते तपासणीच्या टेबलावर विचारूनही उपयोग नाही. डिंकाने जोडलेले दोन भाग एकमेकांना अगदी टेकलेले आहेत, मध्ये हवा नाही, पण पकडही नाही. आवाज सरळ आरपार जातो आणि नकाशा स्वच्छ येतो. या जोडाची ताकद किती, हे न तोडता खात्रीने सांगणारी पद्धत आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. म्हणून तिथे काळजी आधी घ्यावी लागते. जोडायचा पृष्ठभाग घासून साफ केल्यावर त्यावर पाणी सोडतात. पाण्याचा पातळ पडदा न फाटता पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटला तर कुठेतरी तेलकटपणा आहे. त्याच डिंकाने, त्याच दिवशी, त्याच माणसाकडून छोटे नमुने जोडून घेतात आणि ते मात्र खरोखर ओढून तोडतात. हाताला क्रीम लावून आलेल्या माणसाला जोडकामापासून दूर ठेवण्यामागचं कारणही हेच. नवीन मुलांना हा कडकपणा वाटतो. बाईंना यात कसलाही कडकपणा दिसत नाही, कारण नंतर विचारायची सोय नाही हे त्यांना माहीत असतं.

गोव्यात पिळर्णच्या किनेको कंपनीने भारतीय नौदलासाठी बनवलेला कंपोझिटचा सोनार डोम २०१६ च्या जानेवारीत तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते रवाना झाला. त्याचा आराखडा पुण्याजवळ दिघीला असलेल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा. जहाजाच्या नाकाखाली पाण्यात राहणारी ही टोपी, तिच्या आत बसवलेलं सोनार पाण्यातले आवाज ऐकतं. अशा वस्तूत आवाज नीट आरपार जाणं हे तपासणीचं साधन तर आहेच, पण वस्तूचं कामही तेच आहे. तिथे अडकलेली हवा एकाच वेळी डोमला अशक्त करते आणि जहाजाला बहिरं. बाईंना हे उदाहरण फार आवडतं.

पवनचक्क्यांच्या कामाने त्यांना वेगळं काही शिकवलं. साताऱ्याच्या वर, वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या आहेत. असल्या पठारांवर पावसाळ्यात वारा आणि धुकं यांतून वाट काढत काम करावं लागतं. पाती काचतंतूंची, आतून पोकळ, दोन अर्धी कवचं डिंकाने जोडलेली. दोराला लटकलेला माणूस हातोडी वाजवत खाली उतरतो, खालचा माणूस नोंदी करतो. वाऱ्यात बद्द आवाज ऐकू येत नाही, म्हणून वारा पडायची वाट पाहत बसावं लागतं. पात्याच्या मुळाशी काचतंतूचे थर इतके जाड असतात की पाच मेगाहर्ट्झचा आवाज आतच विरून जातो. मग वारंवारता अर्ध्या-एक मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणावी लागते. आवाज खोल जातो, पण त्याची नजर जाडी होते आणि लहान दोष निसटतात. जाड कंपोझिट तपासणं अवघड आहे, उत्तर अर्धवट मिळतं, पण मिळतं. बाई हे स्वतःच्या हातांनी शिकल्या.

म्हणूनच टायटनची बातमी त्यांना इतरांपेक्षा जास्त लागली. १८ जून २०२३ ला टायटॅनिकच्या अवशेषांकडे उतरणारी ही छोटी पाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये चिरडली गेली आणि आतली पाचही माणसं क्षणात गेली. तिचं नळकांडं कार्बन फायबरचं, सुमारे पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर जाड, आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट. अवशेषांपाशी जवळजवळ ३८०० मीटर खोलीचा दाब सगळीकडून आत रेटतो. २०१८ मध्येच ती बनवणाऱ्या कंपनीतले सागरी मोहिमांचे संचालक डेव्हिड लॉक्रिज यांनी नळकांड्याच्या आतल्या दोषांची तपासणी करा, असा आग्रह धरला होता. न्यायालयातल्या त्यांच्या म्हणण्यानुसार, इतक्या जाडीचं कवच तपासायचं साधनच नाही असं उत्तर त्यांना मिळालं, आणि पुढे त्यांची नोकरी गेली. ते पहिलं नळकांडं नंतर तडे गेल्यामुळे टाकून दिलं गेलं. दुसरं बनवलं, आणि भरवसा ठेवला कवचावर बसवलेल्या सेन्सरवर: तंतू तुटायला लागले की आवाज येईल, तो ऐकून वर यायचं.

आवाज आलाही होता. १५ जुलै २०२२ ला पृष्ठभागाकडे परत येताना मोठा आवाज झाला. त्यानंतरच्या बुड्यांत ताणाच्या नोंदी आधीपेक्षा वेगळ्या येत होत्या, हे अपघातानंतरच्या चौकशीत उघड झालं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या मते थर त्याच वेळी सुटले होते. सेन्सरने आपलं काम केलं होतं. त्या हिवाळ्यात ती पाणबुडी कॅनडात उघड्यावर पडून राहिली, आणि पुढच्या मोसमात पुन्हा पाण्यात गेली. बाई म्हणतात, सेन्सरचं सांगणं ऐकून कुणी थांबायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर ते सेन्सर लावले काय आणि न लावले काय. यावर वाद घालायला जागा दिसत नाही.

बाईंच्या पिढीतल्या मुलींच्या भिंतीवर कल्पना चावलाचा फोटो असायचा. १६ जानेवारी २००३ ला तिला घेऊन कोलंबिया हे अवकाशयान उडाल्यावर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. ती कड कार्बनमध्ये कार्बनचे तंतू अशा कंपोझिटची होती. काही अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाचे फोटो मिळवा, अशी मागणी केली. ती मागणी वरच्या पातळीवर थांबली. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं आणि सातही जण गेले. त्या जुलैत टेक्सासमधल्या प्रयोगात तसाच फोमचा तुकडा तशाच पॅनेलवर डागला, तर जवळपास ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज निघाला. चौकशी मंडळाने दोन गोष्टी एकाच अहवालात लिहिल्या: या पॅनेलच्या आतली अवस्था कळण्यासाठी त्या वेळची तपासणी पुरेशी नव्हती, आणि संस्थेत शंका वर पोचत नव्हत्या. पुढे त्या पॅनेलांवर क्षणभर प्रखर उजेड टाकून उष्णता कशी विरते ते टिपणारी थर्मोग्राफी आली. पहिल्या गोष्टीवर यंत्र मिळालं. दुसरीवर यंत्र नसतं.

दुसरी गोष्ट बाईंना हँगरमध्ये रोज भेटते. बोइंग ७८७ चं निम्मं वजन कंपोझिटचं आहे. एअर इंडियाने ही विमानं २०१२ मध्ये आणली आणि नागपूरला मिहानमध्ये त्यांच्यासाठी देखभालीचं मोठं केंद्र उभं राहिलं. अशा विमानांना आकाशापेक्षा जमिनीवर धोका जास्त. सामानाचे बेल्ट लोडर, जेवणाच्या गाड्या, शिड्या, सगळं दारांच्या आसपास फिरत असतं. यांच्या पुढच्या कडांना रबर असतं, धक्का रुंद आणि मऊ बसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या प्रयोगशाळेत अशा धक्क्यांचे प्रयोग झाले आहेत. रबराने दाबलेल्या जागी बाहेर काहीच न दिसता आतली चौकट तुटू शकते, हे त्यांतून दिसलं. अमेरिकी विमान प्रशासनाच्या २००९ च्या मार्गदर्शक पत्रकात नुकसानाच्या पाच पायऱ्या आहेत, आणि पाचवीसाठी, म्हणजे असल्या अकल्पित मोठ्या धक्क्यासाठी, भिस्त एकाच गोष्टीवर आहे: ज्याच्या हातून धक्का लागला किंवा ज्याने तो पाहिला, त्याने ताबडतोब सांगणं.

एका रात्रपाळीत सामान चढवणारा एक मुलगा हँगरच्या दाराशी घुटमळत होता. कोकणातला असावा, बोलण्यावरून कळत होतं. बाई चहाला निघाल्या होत्या.

‘मॅडम, एक विचारू?’

‘बोल ना.’

‘काल लोडर जरा टेकला होता विमानाला. रबर आहे पुढे. डाग पण नाही पडला. म्हणून कुणी काही लिहिलं नाही.’ मग थोडं थांबून, ‘पण माझं नाव नका सांगू.’

‘नाव नकोच मला. जागा दाखव.’

त्याने मागच्या कार्गो दाराखालची जागा दाखवली. रंगावर ओरखडाही नव्हता. बाईंनी शिफ्ट इंजिनिअरला सांगितलं. सकाळच्या उड्डाणाचं विमान थांबवायचं म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळतं. इंजिनिअरचा चेहरा उतरला, पण त्याने विमान थांबवलं. बाईंनी जेल लावून प्रोब फिरवायला घेतला. त्वचेचे थर ठीक होते. पण आतून त्वचेला चिकटवलेली लांब पट्टी, स्ट्रिंगर, जिथे टेकते, तिथे मागच्या भिंतीचं टोक भलत्याच ठिकाणी येऊ लागलं. आवाज स्ट्रिंगरमध्ये शिरतच नव्हता, त्वचेच्या मागच्या अंगावरूनच परतत होता. दोन चौकटींच्या मधल्या पट्ट्यात स्ट्रिंगर त्वचेपासून सुटला होता. त्यांनी खडूने कड आखली, दुसऱ्या तपासनिसाला बोलावून त्याच्याकडून स्वतंत्रपणे तेच करून घेतलं, आणि दोघांच्या रेघा जुळल्या.

तो मुलगा आला नसता, तर त्या जागेची तपासणी पुढच्या ठरलेल्या वेळापर्यंत कुणी केली नसती. कुणाच्या कागदात ती जागा नव्हती. हातातलं महागडं यंत्र आणि पाठीशी असलेला इतक्या वर्षांचा सराव, दोन्ही दाराशी घुटमळणाऱ्या एका पोराच्या हिमतीवर अवलंबून होतं. अशा मुलाला नोटीस मिळते की शाबासकी, यावर पुढचा धक्का कळणार की नाही हे ठरतं. म्हणून नंतर बाईंनी सामान चढवणाऱ्यांसाठी तासाभराचं सत्र मागून घेतलं. पाना मारलेलं एक जुनं पॅनेल आणलं, वरून गुळगुळीत, आणि मध्ये कापून आतले सुटलेले थर दिसतील असं. प्रत्येकाच्या हातात ते दिलं. भाषण फारसं केलंच नाही.

त्या रात्रीच्या रिपोर्टावर मात्र त्यांचा बराच वेळ गेला. सुटलेल्या पट्ट्याची लांबी, रुंदी, खोली, सगळं लिहून झालं होतं. तपासणीच्या मर्यादांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं की चौकटीचे पाय जिथे त्वचेला बोल्टने बसवले आहेत, त्यांच्यामागची जागा बाहेरून या प्रोबने तपासता येत नाही; ती तपासलेली नाही, आतून पाहणं आवश्यक. इंजिनिअर म्हणाला, ‘मॅडम, हे लिहिलंत तर आतलं इन्सुलेशन आणि पॅनेल सगळं काढावं लागेल. अख्खा दिवस जाईल.’ बाई म्हणाल्या, ‘जाईल.’ त्याने सही केली. दुपारपर्यंत आतली पॅनेल उतरवली गेली. एका चौकटीच्या पायाला जोडणारी क्लिप चिरलेली होती आणि शेजारची शाबूत होती. दोन्हींचे फोटो काढून रिपोर्टाला जोडले आणि दुरुस्तीचा आराखडा मागवण्यासाठी तो विमान बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवला गेला.